कॉम्प्युटर रूमच्या दोन किल्ल्या

बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि आतून एक लांब आवाज आला. नाक चोंदलेल्या माणसाने हुंकार द्यावा तसा. थांबला, पुन्हा आला. पडदा काळाच राहिला.

"पुन्हा लावा," माझ्या मागे उभे असलेले हुपरीकर सर म्हणाले.

मी बंद करून पुन्हा लावलं. पंखा, दिवा, तोच लांब आवाज.

दसऱ्याच्या सुट्टीनंतरची ती पहिली सकाळ होती. कोल्हापूरपासून दीड तासावरच्या तालुक्याच्या गावात आमचं कॉलेज. त्याच्या भौतिकशास्त्र विभागात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा आणि दर एप्रिलमध्ये घरी जायचं. हुपरीकर सर विभागप्रमुख. आणि विभागाचा एकुलता एक कॉम्प्युटर हा. त्याच आठवड्यात शुक्रवारी कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार होती. तिला दाखवायचा विभागाचा सगळा अहवाल, फोटो आणि आलेखांसकट, मी दोन महिने बसून याच कॉम्प्युटरवर केला होता. फ्लॉपीवर तो मावत नव्हता. सुट्टीनंतर कोल्हापूरहून कुणालातरी बोलावून त्याची सीडी करून घ्यायचं ठरलं होतं.

मी मॉनिटरची केबल काढून परत लावली. कीबोर्ड, माऊस काढून पाहिले. यूपीएस सोडून थेट भिंतीतल्या प्लगवर लावलं. आवाजात फरक नाही.

"सर, हा मेमरीचा बीप आहे. डबा उघडून रॅम बघायला हवी."

"उघडायचं नाही." सर इतक्या चटकन म्हणाले की मी वळून पाहिलं. "वॉरंटी जाते."

मी सीपीयूचा डबा टेबलावर फिरवून मागची बाजू पुढे आणली. दुकानदाराने एका स्क्रूवर वॉरंटीचा चांदीच्या रंगाचा कागद चिकटवला होता. तो मधोमध कापलेला होता. ब्लेडने, सरळ रेषेत. कापलेली कड पांढरी होती, अजून मळलेली नव्हती.

"सर, हे बघा. कुणीतरी आधीच उघडलंय."

त्यांनी वाकून पाहिलं. पाहायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जास्त वेळ ते वाकलेले राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "सुट्टीआधी, शनिवारी, शेवटी कोण होतं इथे?"

"मी. बंद करून, कुलूप लावून गेले. तेव्हा नीट चालत होता."

"या खोलीच्या किल्ल्या किती?"

"दोन."

"एक माझ्याकडे," सर म्हणाले, आणि पुढचं वाक्य ते बोललेच नाहीत. माझ्या हातातल्या किल्लीकडे फक्त बघितलं.

कापलेला कागद मीच दाखवला होता. तो माझ्याच अंगावर येईल असं माझ्या मनात आलं नव्हतं.

प्राचार्य नाईकवडी यांच्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो. प्राचार्य स्वभावाने वाईट नव्हते, पण कुणी खाली वाकून बुटाची नाडी बांधली तरी हा काय उचलतोय असं त्यांना वाटे.

"म्हणजे सुट्टीत कुणीतरी खोली उघडली," ते म्हणाले. "कुलूप तोडलेलं नाही. मग किल्लीनेच. कशाला उघडली?"

सर खिडकीकडे वळले.

"बोला की सर. तुमचा विभाग आहे."

"मॅडमची थोडी नाराजी होती," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "अहवालात त्यांचं नाव घातलेलं नाही. तासिकावाल्यांची नावं घालायची पद्धत नाही. त्यावरून त्या बोलल्या होत्या."

"बोलले होते," मी म्हणाले. "बोलले, आणि मग बसून अहवाल पूर्ण केला."

"पूर्ण केला, आणि आता तो कुणालाच बघता येत नाही," प्राचार्य म्हणाले. "नाही, मी तुमच्यावर आरोप करत नाही हं, शिंत्रे मॅडम. मी नुसतं जोडून बघतोय."

"मी आत्ता उघडून बघतो," सर म्हणाले. "मला एकट्याला अर्धा तास द्या."

"एकट्याला कशाला?"

"गर्दीत काम होत नाही."

"नको. उद्या कुणी म्हणेल, सरांनीच आत काहीतरी केलं. तुमच्या विभागातलं भांडण आहे, तुम्ही दोघंही लांब राहा. कोल्हापूरच्या इंजिनिअरला फोन करतो." प्राचार्यांनी हात पुढे केला. "किल्ल्या."

मी माझी ठेवली. सरांनी खिशातून काढली, क्षणभर मुठीत धरली आणि मग ठेवली.

इंजिनिअर सुट्टीवर गावी गेला होता. शुक्रवारी दुपारी येतो म्हणाला. समिती शुक्रवारी सकाळी येणार होती. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की शुक्रवारपर्यंत कॉम्प्युटर चालू झाला नाही तर संस्थेला कळवावं लागेल. मग पुढच्या जूनमध्ये अर्ज करूच नका. कायम जागेची जाहिरात येणार होती, तिचं तर त्यांनी नावही घेतलं नाही.

स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबे. मराठीच्या कुलकर्णीबाईंनी माझ्यासमोरच कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. जिमखान्याचे थोरात सर हसत म्हणाले, "मॅडम, माझ्या घड्याळाकडे बघू नका हं, बंद पडेल." सगळे हसले. मीही हसले असेन.

मी मात्र हुपरीकर सरांचा विचार करत होते. मी उघडलं नव्हतं. किल्ल्या दोनच. म्हणजे उघडलं सरांनी. यात कल्पनेला वावच नव्हता, साधी वजाबाकी होती. प्रश्न एवढाच होता की कशासाठी. त्यांच्या भाच्याचं त्याच वर्षी एमएस्सी झालं होतं. कायम जागा एकच निघणार होती. माझं नाव आधीच खराब झालं तर मुलाखतीला मी उरतेच कुठे? हे मला फार नीट बसतंय असं वाटलं. इतकं नीट, की रात्री जेवताना मी आईला ते मुद्देसूद समजावून सांगितलं. आई म्हणाली, "मग तुझं काम त्यांनी कशाला बुडवलं असतं? समिती त्यांचाही विभाग बघणार ना?" तेवढंच एक बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना म्हणाले, "अहवालाचे सुरुवातीचे काही भाग फ्लॉप्यांवर आहेत. त्या कॉम्प्युटर रूमच्या कपाटात आहेत. त्या मिळाल्या तर निदान निम्मा अहवाल पुन्हा जुळवता येईल."

त्यांनी खूप विचार केला. "गुरव मामा बरोबर राहतील. कपाट सोडून कशाला हात लावायचा नाही."

गुरव मामा आमच्या विभागाचे शिपाई. पूर्वी दर खंडेनवमीला ते प्रयोगशाळेत पूजा मांडत. तराजू, व्होल्टमीटर, तापमापी, सगळं टेबलावर, मधे नारळ, झेंडूचे हार. हुपरीकर सर विभागप्रमुख झाल्यावर त्यांनी ते बंद केलं. "कुंकू लावल्याने व्होल्टमीटरचं रीडिंग बदलतं का? बदलत असेल तर तो मोडीत काढा, नसेल तर लावता कशाला?" हे ते वर्गात सांगत, व्याख्यानांत सांगत, गणपतीच्या मंडपातही जाऊन सांगून आले होते. अंगारे-धुपारे, भानामती यांच्याविरुद्ध जिल्हाभर बोलायला त्यांना बोलावत. मामा तेव्हापासून नवमीला फक्त आपल्या सायकलला हार घालत, तोही सायकल स्टँडच्या मागच्या कोपऱ्यात.

मामांनी कुलूप उघडलं, स्टूल ओढून दारात बसले. मी फ्लॉप्या काढल्या. मग सीपीयूसमोर उभी राहिले.

"मामा, मी हे उघडून बघणार आहे. प्राचार्यांनी नको सांगितलंय. तुम्ही जाऊन सांगितलंत तरी माझा राग नाही."

मामांनी व्हरांड्यात डोकावून पाहिलं. "तुमी बिघडवला न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग उघडा की. मी हितं बसलोय, मला मागचं दिसत न्हाई."

आणि त्यांनी स्टूल फिरवून दाराकडे तोंड केलं.

वायर काढली. स्क्रू हातानेच फिरले, इतके सैल होते. बाजूचा पत्रा मागे ओढून काढला आणि आत पाहिलं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे आत धूळ नव्हती. तीन वर्षं चालणारा कॉम्प्युटर, तोही खडू उडणाऱ्या वर्गखोल्यांना लागून असलेल्या खोलीत. पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकर जमायला हवी होती. पाती पुसलेली होती. वायरी पुसून एका बाजूला घेतलेल्या होत्या. कोपऱ्यांतून कापडाचं टोक फिरवलेलं कळत होतं.

मग ठिपके दिसले.

पंख्याच्या मध्यावर एक. पॉवर सप्लायच्या पेटीवर एक. हार्ड डिस्कवर, फ्लॉपी ड्राइव्हच्या पाठीवर, सगळ्यांवर एकेक. आधी हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं, मुगाच्या दाण्याएवढं. एकही ठिपका पसरलेला नव्हता. आणि रॅमच्या पट्टीवरही होता, बरोबर मध्यावर. पट्टी काढून, पुसून, ठिपका लावून परत खाचेत बसवलेली दिसत होती, पण एका टोकाची खिट्टी लागलेली नव्हती. पट्टी त्या बाजूला केसभर वर राहिली होती. खाचेत लाल पूड सांडली होती.

मी "मामा" म्हणाले असेन, कारण ते उठून जवळ आले. त्यांनी आत पाहिलं आणि मागे सरकले.

"अगं आई," ते हळू म्हणाले. "मॅडम, हे मी न्हाई. आईची शपथ. माझ्याकडं ह्या खोलीची किल्ली बी न्हाई."

"माहीत आहे मला."

"तुमाला माहीत हाय. पर हे उघडून त्यांनी बघितलं तर पयलं कुणाचं नाव घेतील? आडनावच गुरव. साहेब आधीच म्हणतात, मामा तुमच्या खिशात बुक्का असतो. नोकरीची दोन वर्सं ऱ्हायल्यात माझी."

मी ठिपके बघत होते. असे ठिपके मी आधी एकदा पाहिले होते. सरांच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे हुपरीला त्यांच्या घरी गेलो होतो. पुढच्या खोलीत त्यांच्या वडिलांचं चांदीकाम चाले. भिंतीला टांगलेल्या पकडी, कानशी, पत्रा कापायच्या कात्र्या, खेळण्यातल्या वाटाव्यात अशा हातोड्या, आणि प्रत्येकीवर असाच सुकलेला ठिपका. मी बघतेय हे पाहून वडील कौतुकाने म्हणाले होते, "नवमीला एकेक हत्यार सुटं करायचं. घासायचं, पुसायचं, मग पुजायचं. सगळ्यांना मिळून एक हार घालणं हे आळशाचं काम." सर तेव्हा शेजारीच होते. त्यांनी विषय बदलून आम्हाला जेवायला नेलं होतं.

म्हणजे भाचा नाही, कायम जागा नाही. समिती येणार म्हणून धास्तावलेला एक माणूस नवमीच्या दिवशी बंद कॉलेजात येतो, आपल्याच विभागाच्या खोलीचं कुलूप उघडतो, वडिलांकडे पाहिलं तसं एकेक हत्यार सुटं करतो. आणि बाहेर कुंकू लावता येत नाही म्हणून आत लावतो.

प्रयोगशाळेत भिंगं साफ करायचा मऊ ब्रश असतो. मामांनी तो आणून दिला. मी पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, खाचेतली पूड ब्रशने टिपली, फुंकर घातली, पट्टी दाबून बसवली. दोन्ही खिट्ट्या लागल्या. वायर जोडून बटण दाबलं.

एक छोटा टिक् असा आवाज. आणि पडद्यावर अक्षरं.

"झाला!" मामा म्हणाले. "चला, साहेबांना सांगू."

अहवाल उघडून पाहिला. पानं, फोटो, आलेख, सगळं होतं.

"काय सांगायचं, मामा? मी उघडला, आणि लगेच चालू झाला?"

"व्हय."

"मग प्राचार्य काय म्हणतील?"

मामांनी डोकं खाजवलं. "म्हणतील, हिला बरं ठाऊक कुठं बिघडलाय ते."

"आणि आत काय होतं ते दाखवलं तर?"

मामांनी हात आपल्या खिशावर ठेवला.

मी कॉम्प्युटर बंद केला. वायर काढली. रॅमच्या एका टोकाची खिट्टी बोटाने बाहेर ढकलली आणि पट्टी होती तशी केसभर वर उचलली. ठिपक्यांना हात लावला नाही. पत्रा सरकवला, स्क्रू होते तेवढेच सैल लावले. मामा मी वेडी झालेय का अशा नजरेने बघत होते.

गुरुवारी प्राचार्यांच्या खोलीत मी म्हणाले, "सर, इंजिनिअर समितीच्या आधी येणार नाही. हुपरीकर सरांनीच सगळ्यांसमोर उघडून बघावं. मी टेबलाजवळही येणार नाही. दाराशी उभी राहते."

"मी?" सर म्हणाले.

"परवा तर तुम्हीच म्हणत होता, मी उघडतो," प्राचार्य म्हणाले.

"म्हणालो होतो. पण…"

"पण काय?"

सर खुर्ची सरकवून उठले.

कॉम्प्युटर रूममध्ये प्राचार्य, थोरात सर, ऑफिसचे हेडक्लार्क आणि दाराशी मी. मामा माझ्या मागे. सरांनी डबा असा फिरवला की उघडी बाजू भिंतीकडे आणि त्यांच्याकडे राहील. पत्रा काढला. वाकले.

"काय दिसतंय?" प्राचार्य टाचा उंचावून विचारत होते.

"धूळ," सर म्हणाले.

मग त्यांचे हात थांबले. पट्टीकडे बघत होते ते. खाच स्वच्छ होती. त्यांनी लावलेलं कुंकू त्यांना ठाऊक होतं, खाचेत सांडलेलंही दिसलं असणार. आता तिथे कणही नव्हता आणि ठिपके मात्र सगळे जागच्या जागी होते. त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही.

त्यांनी पट्टी दाबली. दोन्ही खिट्ट्यांचा आवाज दारापर्यंत आला. पत्रा लावून त्यांनी बटण दाबलं, टिक् झालं, पडद्यावर अक्षरं आली. थोरात सरांनी टाळ्या वाजवल्या. "वा, सर! इंजिनिअरचे पैसे वाचवले."

"रॅम सैल झाली होती," सर म्हणाले.

"आपोआप?" प्राचार्यांनी विचारलं. "की कुणी केली?"

मी वाट पाहिली. माझ्या मागे मामांचा श्वास ऐकू येत होता. सरांनी नुसतं 'आपोआप' म्हटलं तरी पुरे होतं. खोटं असलं तरी ते मला चाललं असतं.

"सांगता येत नाही," सर म्हणाले.

समिती आली, चहा-पोहे झाले, अहवाल पाहून गेली. आम्हाला बरी श्रेणी मिळाली. पुढचे सहा महिने सर माझ्याशी कामापुरतं आणि फार नम्रपणे बोलत. मी आत गेले की उभे राहत. कॉम्प्युटर रूमची दुसरी किल्ली मला परत मिळाली नाही. थोरात सरांचा घड्याळाचा विनोद चालूच राहिला, आणि तो विनोदच आहे असं समजून हसायचं हे मीही शिकले.

मे महिन्यात कायम जागेसाठी मुलाखती झाल्या. संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब चौगुले मधे, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला विषयाचे जाणकार म्हणून हुपरीकर सर आणि विद्यापीठातून आलेले एक प्राध्यापक. आप्पासाहेब आयुष्यभर ऊस आणि निवडणूक यांत राहिलेला माणूस. माझी फाइल न उघडता त्यांनी विचारलं, "शिंत्रे मॅडम, मघाशी कुणीतरी म्हणालं, तुमच्यावर मागं काय बालंट होतं म्हणं. कॉम्प्युटरचं."

"सिद्ध झालं नाही काही," प्राचार्य घाईने म्हणाले. त्यांनी हे माझ्या बाजूने म्हटलं होतं, पण ते तसं ऐकू आलं नाही.

"न्हाई, पण काय झालंतं? तुम्हीच सांगा मॅडम."

"कॉम्प्युटर चालू होत नव्हता. रॅमच्या खाचेत पूड गेली होती आणि पट्टी नीट बसली नव्हती."

"कसली पूड?"

मी ठरवून बोलत नव्हते. मला काय दिसलं होतं तेवढंच सांगत होते. "लाल."

"लाल?" आप्पासाहेब पुढे झुकले. "लाल कसली?"

"कुंकू होतं."

प्राचार्य खुर्चीतच उसळले. "तो गुरव! मी तेव्हाच म्हणालो होतो. खिशात सदा बुक्का असतो त्याच्या. उद्या बोलावतो त्याला. रिटायर व्हायला आलाय म्हणून माफ करणार नाही."

"मामांकडे त्या खोलीची किल्ली नव्हती," मी म्हणाले.

"मग कुणाकडे होती?"

"किल्ल्या दोनच होत्या."

विद्यापीठातले प्राध्यापक आळीपाळीने आमच्याकडे बघत होते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सरांकडे पाहिलं नाही. मला पुढचं वाक्य तोंडपाठ होतं आणि ते मी बोलणार नव्हते. ते त्यांचं होतं.

"मी लावलं," हुपरीकर सर म्हणाले.

"काय लावलं?" प्राचार्य.

"कुंकू. नवमीला मी गेलो होतो. एकटा. सगळं सुटं करून पुसलं आणि पूजा केली. रॅम मी बसवली, ती नीट बसली नाही. मॅडमचा काही संबंध नाही. हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग प्राचार्यांकडे, आणि मग त्यांना हसू फुटलं. टेबल हलेपर्यंत हसले. "तुम्ही? अवो तुम्ही तर गणपतीत येऊन आमच्या पोरांना झापून गेला होता! आन् पूजा? मग त्यात लपवायचं काय हो सर? कारखान्याच्या टर्बाइनला मी सोता दर वर्षी नारळ फोडतो. चांगलं केलंत की!" प्राचार्यही हसायला लागले. विद्यापीठातले प्राध्यापक रुमाल तोंडाला लावून हसत होते. "फक्त एक चुकलं बघा. पूजा झाल्यावर बटण दाबून बघायचं होतं. लगेच कळलं असतं, कुठं बिघडलंय ते. एवढं शिकलेला माणूस, चालू करून बघितलं न्हाई?"

"नाही," सर म्हणाले.

"का पण?"

सरांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "नवमीला पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत. आमच्या घरी नाही चालवत."

त्यावर पुन्हा हसणं झालं. आप्पासाहेबांनी डोळे पुसले. ज्या गोष्टीसाठी सहा महिने माझं नाव पणाला लागलं होतं, ती त्या खोलीत कुणालाच मोठी वाटली नाही. उलट सरांबद्दल त्यांचं मत जरा बरंच झालं असावं. सर मात्र कानापर्यंत लाल झाले होते आणि त्यांनी मान खाली घातलेली नव्हती.

"बरं, झालं ते झालं," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी माझी फाइल उघडली. "मॅडम, तुमचं नाव मोकळं झालं त्यातनं. आता विषयाचं बघू. सर, तुम्हीच विचारा."

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. ती जागा मला मिळाली, मी अजून त्याच विभागात आहे. पण त्या दुपारचं मला स्वच्छ आठवतं ते वेगळंच. सर मला सोपे प्रश्न विचारतील अशी मला भीती होती. तसं झालं असतं तर तो हिशेब फिटवल्यासारखा झाला असता, आणि पुढे कधीही मला माझ्या नेमणुकीची खात्री वाटली नसती. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पहिलाच प्रश्न अवघड विचारला. मी उत्तर देत असताना मधेच तोडून माझी एक गफलत दाखवली. दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता.

मला फार बरं वाटलं.